प्रकाश पाहून आखलेला राजस्थान: एका फिरत्या छायाचित्रण कार्यशाळेबद्दल

क्षेत्रफळाने देशात सर्वांत मोठ्या असलेल्या राजस्थानात छायाचित्रणासाठी रस्त्याने फिरायचे म्हटले, की पहिली अडचण अंतरांची येते. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी जाण्यात चार-पाच तास सहज जातात आणि ते नेमके सकाळचे किंवा संध्याकाळचे असले, तर छायाचित्रकाराच्या हाती काहीच लागत नाही. पुण्यातील एका लहान संस्थेने जानेवारीत घेतलेल्या नऊ दिवसांच्या कार्यशाळेत मी सहभागी झालो होतो. जयपूर, ताल छापर, बिकानेर, फलोदी, जैसलमेर, जोधपूर आणि पुन्हा जयपूर असा मार्ग होता. आम्ही आठ जण, दोन मार्गदर्शक आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. अखेरचे दोन दिवस वगळता या सहलीची आखणी अतिशय विचारपूर्वक केलेली होती.

गाडी चालेल ती शक्यतो अकरा ते साडेतीन या वेळेतच, असे आयोजकांनी पहिल्या संध्याकाळीच सांगितले आणि सहा दिवस ते पाळले. ऊन डोक्यावर आले की वाळूचा रंग उडतो आणि सावल्या आखडतात, म्हणून तेवढा वेळ त्यांनी रस्त्याला दिला होता. चुरू जिल्ह्यातील ताल छापर या काळविटांच्या अभयारण्यापाशी दोन रात्री ठेवण्यामागेही असाच विचार होता, कारण जानेवारीत तिकडे दाट धुके पडते. पहिल्या सकाळी वीस पावलांपलीकडचे दिसेना. तरीही मार्गदर्शकांनी आम्हाला थांबवून घेतले, धुके करडे पडू नये म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) एका स्टॉपने, म्हणजे दुपटीने, वाढवायला लावले, आणि धुक्यातून पुढे आलेल्या काळविटाच्या पिळदार शिंगांचे जे छायाचित्र मला मिळाले, ते स्वच्छ उन्हात मिळाले नसते. दुसऱ्या सकाळी आभाळ मोकळे होते. गवतावरून अगदी खालून उडणारे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी त्या दिवशी टिपता आले.

बिकानेरजवळच्या जोरबीड येथे मेलेली जनावरे टाकली जातात आणि त्यामुळे गिधाडे व गरुड मोठ्या संख्येने जमतात. तेथील दुर्गंधीची कल्पना आयोजकांनी आधी द्यायला हवी होती.

या प्रवासातील सर्वांत मोलाची सकाळ फलोदीजवळच्या खीचन गावाची. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिवाळ्यात येणाऱ्या करकोच्यांना इथे कुरजा म्हणतात आणि गावकरी त्यांच्यासाठी चुग्गाघरात धान्य पसरतात. हजारो पक्षी एकाच वेळी उतरू लागले, की नवखा माणूस गोंधळून नुसते बटण दाबत राहतो. मार्गदर्शकांनी आधी १/२००० सेकंद शटर स्पीड ठेवून एकच पक्षी निवडायला लावला. मग तो १/२० सेकंदावर आणून थव्याबरोबर कॅमेरा फिरवायला सांगितले. माझी बहुतेक छायाचित्रे हलली, पण जी दोन-तीन साधली त्यांत पंखांच्या रेषा पाण्यावर ओढलेल्या रंगासारख्या आल्या आहेत. याच ठिकाणी मी खऱ्या अर्थाने काही शिकलो.

जानेवारीत जैसलमेरला सूर्य साडेसातनंतर उगवतो, म्हणजे जयपूरपेक्षा सुमारे वीस मिनिटे उशिरा. हा फरकसुद्धा छापील वेळापत्रकात धरलेला होता. सम या प्रसिद्ध ठिकाणची गर्दी टाळून आम्हाला खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवर नेले. वाऱ्याने वाळूवर उमटवलेल्या लाटा तिरप्या उन्हात अर्धा तासच उठून दिसतात, आणि त्या अर्ध्या तासात लेन्स बदलू नये, ही सूचना आदल्या रात्रीच दिली गेली होती.

यानंतर मात्र घडी विस्कटली. जैसलमेरहून जोधपूर सुमारे २८० किलोमीटर आहे. आम्ही भर दुपारी पोहोचलो, मेहरानगडावरून दिसणारी निळी घरे कडक उन्हात फिकट पडलेली होती, आणि संध्याकाळचा प्रकाश उतरू लागला तेव्हा आम्ही जयपूरच्या रस्त्याला लागलो होतो. मध्यरात्रीनंतर मुक्कामी पोहोचलेल्या लोकांसमोर दुसऱ्या सकाळी सर्व छायाचित्रांचे परीक्षण उरकण्यात आले. रोज रात्री होणार असे सांगितलेले हे परीक्षण प्रत्यक्षात तीनदाच झाले होते आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे, कारण आपली चूक त्याच दिवशी कळली तर दुसऱ्या दिवशी सुधारता येते.

असे असले तरी खीचन आणि ताल छापरसाठी ही कार्यशाळा मी नि:संकोच सुचवीन. नाव नोंदवण्यापूर्वी जोधपूरला रात्रीचा मुक्काम आहे की नाही, एवढे मात्र लेखी विचारून घ्यावे.