पहिल्या क्रमांकाच्या हमीमागचे खरे आकडे : एसईओच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या व्यवसायाची वेबसाइट एसईओच्या, म्हणजे शोधयंत्रांच्या निकालांत ती वर आणण्याच्या, कामासाठी ज्या एजन्सीकडे सोपवली होती, तिने करारातले जवळपास प्रत्येक कलम पाळले आणि तरीही आमची फसवणूक झाली. दरमहा येणाऱ्या अहवालात एकही आकडा खोटा नव्हता. शोधयंत्रांविषयी व्यावसायिकांच्या मनात जे समज घट्ट बसलेले असतात, त्यांना पटतील असेच आकडे निवडून तो अहवाल तयार केला जाई आणि म्हणूनच तो वाचताना कोणालाही शंका येत नसे. हा प्रकार कसा चालतो, ते इतरांना वेळीच ओळखता यावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात फुकट केलेल्या ‘वेबसाइट तपासणी’ने झाली. तपासणीच्या अहवालात लाल अक्षरांत दाखवलेल्या त्रुटींमध्ये सर्वांत वर होते ‘मेटा कीवर्ड टॅग नाही’. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे शोधशब्दांची, यादी देणारा हा टॅग वेब शोधाच्या क्रमवारीसाठी विचारात घेतला जात नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलेले आहे. पण कोडमध्ये कीवर्डची यादी घातली की वेबसाइट वर येते, हा समज अजून टिकून असल्यामुळे ही ‘त्रुटी’ विकता येते. तिच्या खालोखाल ‘वेबसाइट शेकडो शोधयंत्रांकडे नोंदवलेली नाही’ असा शेरा होता. वास्तविक शोधयंत्रांचे क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारे प्रोग्राम, एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या आधारे फिरत नवी पाने स्वतःच शोधून काढतात आणि साइटमॅप (वेबसाइटवरील पानांची यादी) सादर करायचा असेल तर त्याला काही खर्च येत नाही. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर गूगलचे भागीदार असल्याचे चिन्हही ठळकपणे छापलेले होते. ते चिन्ह जाहिरातींच्या कार्यक्रमाशी संबंधित असते, नैसर्गिक, म्हणजे जाहिरात नसलेल्या, शोधनिकालांशी त्याचा काडीचाही संबंध नसतो आणि जाहिरातींवर कितीही पैसे खर्च केले तरी त्यामुळे नैसर्गिक क्रमवारीत वेबसाइट वर जात नाही. बैठकीत मात्र ‘आमची गूगलमध्ये ओळख आहे’ असे न म्हणता ते चिन्हच तेवढे पुढे सरकवले गेले.

मग आली पहिल्या क्रमांकाची हमी. गूगलवरील पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही ही हमी देता येते आणि पाळताही येते, कारण कोणत्या शब्दांसाठी पहिला क्रमांक मिळवून द्यायचा, हे हमी देणाराच ठरवतो. आमच्या कराराच्या परिशिष्टात बारीक अक्षरांत ‘कीवर्डची निवड एजन्सीच्या विवेकाधीन राहील’ असे एक वाक्य होते. पहिल्या अहवालातील तक्ता पाहण्यासारखा होता : डावीकडे कीवर्ड, उजवीकडे क्रमांक आणि त्या उजव्या स्तंभात वरपासून खालपर्यंत हिरव्या रंगातला एकचा आकडा. डावीकडचे शब्द नीट वाचले तर त्यांतले काही म्हणजे आमच्या कंपनीचेच पूर्ण नाव आणि त्याची वेगवेगळी स्पेलिंग होती. उरलेले सात-आठ शब्द जोडून केलेले असे लांबलचक वाक्प्रयोग होते, जे कोणताही ग्राहक शोधचौकटीत टाइप करणार नाही. ज्या शब्दांसाठी स्पर्धाच नाही, तिथे पहिले येणे सोपे असते.

सर्च कन्सोल हे गूगलचे मोफत साधन इथे उपयोगी पडते. त्यात प्रत्येक शोधशब्दासमोर तो शोधताना आपले पान किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर क्लिक केले आणि सरासरी स्थान काय होते, हे दिसते. अहवालातले हिरवे कीवर्ड तिथे ताडून पाहिले असता बहुतेकांपुढे शून्य किंवा शून्याच्या आसपासचे आकडे होते. क्रमांक खरा होता, फक्त तो पाहायला कोणी आलेले नव्हते. शिवाय शोधणाऱ्याचे ठिकाण आणि भाषा यांनुसार शोधनिकाल बदलत असल्यामुळे अमुक शब्दासाठी ‘आमचा क्रमांक एक’ हे विधान सर्व ठिकाणी, सर्वांसाठी सारखे लागू होत नाही. अहवालात जोडलेला एखादा स्क्रीनशॉट त्यामुळे पुरावा म्हणून फारसा कामाचा नसतो.

भेटींच्या आकड्यांचेही असेच होते. वेबसाइटवरच्या भेटी वाढल्याचा आलेख दर महिन्याला चढता होता, चौकशीचे फोन आणि ईमेल मात्र जागच्या जागी होते. ॲनालिटिक्समध्ये (भेटींची नोंद ठेवणाऱ्या साधनात) या भेटी देशांनुसार लावून पाहिल्यावर आम्ही जिथे व्यवहारच करत नाही अशा देशांतून, काही सेकंदच टिकणाऱ्या भेटींचा ढीग दिसला.

सर्वांत जास्त नुकसान झाले ते बॅकलिंकमुळे, म्हणजे इतर वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटला दिलेल्या दुव्यांमुळे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा हा त्या पानाच्या महत्त्वाचा संकेत मानला गेला होता आणि दुवा कोणाकडून आला यालाही त्यात वजन होते. त्यातून ‘जितके दुवे जास्त तितका क्रमांक वर’ असा सोपा अर्थ बाजारात रूढ झाला आणि दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. या व्यापाराला आळा घालण्यासाठी गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हा बदल आणला आणि २०१६ मध्ये तो मुख्य अल्गोरिदमचाच भाग झाला. पैसे देऊन मिळवलेल्या दुव्यांना ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ असे चिन्हांकित करावे, असा गूगलचा नियम आहे. आमच्या अहवालात यातले काहीही नसे. असे ती दर महिन्याला वाढणारी दुव्यांची संख्या आणि शेजारी ‘डोमेन ऑथॉरिटी’चा आकडा. हा आकडा म्हणजे वेबसाइट शोधनिकालांत किती वर येऊ शकेल याचा मोझ या कंपनीने स्वतः तयार केलेला शंभरपैकीचा अंदाज आहे आणि क्रमवारी ठरवताना गूगल तो वापरत नाही, हे एजन्सीने कधी सांगितले नाही.

त्या यादीतील दुवे उघडून पाहिले तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. एका पानाचा पत्ता कोणे एके काळी एखाद्या संस्थेचा असावा, मुदत संपल्यावर कोणीतरी ते डोमेन घेऊन त्यावर भाराभर मजकूर टाकला होता. एकाच परिच्छेदात जुगाराच्या वेबसाइटचा दुवा, वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा दुवा आणि त्यांच्या मध्ये आमच्या कंपनीचे नाव होते. इतर पानेही थोड्याफार फरकाने तशीच होती.

अशा दुव्यांबद्दल गूगलने आमच्या वेबसाइटवर मॅन्युअल कारवाई (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) केली होती आणि तिची सूचनाही पाठवली होती. ती आमच्यापर्यंत पोहोचली नाही, कारण सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून केवळ एजन्सीचा ईमेल नोंदवलेला होता आणि आम्हाला फक्त अहवालाची पीडीएफ मिळत असे. चौकशा जवळपास थांबल्यावर विचारणा केली तेव्हा ‘गूगलचा अपडेट आला आहे’ असे उत्तर आले आणि काही दिवसांनी ‘पेनल्टी काढून देण्या’च्या वेगळ्या सेवेचे दरपत्रक आले. ज्यांनी ते दुवे विकले, तेच आता ते काढण्याचे पैसे मागत होते. ही प्रक्रिया गूगलकडे मोफत आहे : संबंधित वेबसाइटना दुवे काढायला सांगायचे, जे निघत नाहीत त्यांची साध्या टेक्स्ट फाइलमध्ये यादी करून ऑक्टोबर २०१२ पासून उपलब्ध असलेल्या डिसअव्हाउ (दुवे नाकारण्याच्या) साधनातून सादर करायची आणि मग केलेल्या कामाचे प्रामाणिक वर्णन देऊन फेरविचाराची विनंती करायची. मात्र कारवाई झालेली नसताना ‘तुमच्या वेबसाइटवर विषारी दुवे आहेत’ अशी भीती घालून हेच काम विकणारेही आहेत, आणि बहुतेक वेबसाइटना या साधनाची गरज पडत नाही असे गूगलच सांगते.

मधल्या काळात आमच्या प्रत्येक प्रश्नाला ‘एसईओला वेळ लागतो’ हे एकच उत्तर मिळे. हे विधानही खरेच आहे, कारण केलेल्या बदलांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागू शकते, असे गूगलकडूनही सांगितले गेले आहे. पण परिणामाला वेळ लागतो, कामाला नाही. पानांची शीर्षके सुधारली का, कोणती पाने इंडेक्स (शोधयंत्राच्या नोंदीत दाखल) होत नव्हती आणि का, एकाच मजकुराची अनेक पाने एकत्र केली का, ग्राहकांच्या प्रश्नांची उत्तरे देणारा मजकूर लिहिला का, हे पहिल्या महिन्यातही दाखवता येते. आमच्या वेबसाइटवर यातला एकही बदल झालेला नव्हता. सगळे काम वेबसाइटच्या बाहेर, आम्हाला न दिसणाऱ्या पानांवर चाललेले होते.

करार संपवताना आणखी एक गोष्ट पुढे आली. डोमेनच्या नोंदणीत मालक म्हणून एजन्सीचे नाव होते. नूतनीकरणाची कटकट नको म्हणून ते आपल्याकडे घेण्याची सोय त्यांनीच सुचवली होती. नोंदणीत ज्याचे नाव असते त्याच्याच हाती डोमेनचा ताबा असतो, त्यामुळे ते परत मिळवण्यासाठी शेवटचे बिल मुकाट्याने भरावे लागले. मालकाचे नाव बदलल्यावर डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेण्यास साठ दिवसांची मनाई लागू होऊ शकते, हेही त्याच वेळी कळले.

ज्यांचे काम सध्या अशा एखाद्या एजन्सीकडे आहे, त्यांनी पुढचे बिल भरण्याआधी डोमेनच्या नोंदणीतील नाव आणि सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमधील वापरकर्त्यांची यादी पाहून घ्यावी. आपला स्वतःचा ईमेल तिथे मालक म्हणून नोंदवावा आणि ‘मॅन्युअल ॲक्शन’ हे पान उघडून बघावे. एजन्सीचे नाव यादीतून नुसते काढून टाकणे पुरेसे नसते. मालकीच्या पडताळणीसाठी तिने सर्व्हरवर ठेवलेली एचटीएमएल फाइल, पानातला टॅग किंवा डीएनएसमधली (डोमेनच्या तांत्रिक नोंदींतली) नोंदही काढावी लागते. आमच्याकडे ती फाइल सर्व्हरवर तशीच राहिली होती, त्यामुळे यादीतून काढलेली एजन्सी पुन्हा पडताळणी करून मालक म्हणून परत आली होती.