आक्सारायसाठी एकच दिवस: इहलाराची दरी की सुलतानहानीची सराय?

तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाला गेलेली बहुतेक मंडळी ग्योरेमे गावात मुक्काम करतात आणि एक दिवस हाताशी उरतो. पश्चिमेला लागूनच आक्साराय प्रांत आहे. तिथे इहलाराची दरी, सुलतानहानीची सेल्जुक या तुर्क राजवटीच्या काळातली सराय आणि त्यापलीकडे तूझ ग्योलू, म्हणजे मिठाचं सरोवर. नकाशा बघून वाटतं, सगळं एका दिवसात उरकेल. तसं केलं तर दरीच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. ग्योरेमेहून इहलारा सव्वा तासावर, तिथून आक्साराय शहर साधारण 40 किमी, आणि सुलतानहानी आणखी तेवढंच पुढे. म्हणून आधी पुढचा मुक्काम कुठे ते ठरवा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

ग्योरेमेलाच परतायचं असेल तर इहलारा. दुसरा विचार नको. मेलेंदिझ नदीने ज्वालामुखीच्या राखेचा मऊ खडक कापून ही दरी केली आहे. इहलारा गावापासून सेलिमेपर्यंत ती सुमारे 14 किमी आहे आणि ठिकठिकाणी कडे शंभर मीटरहून उंच आहेत. पूर्ण चालायला पाच-सहा तास लागतात, पण तेवढं चालायची गरज नाही. मुख्य प्रवेशद्वारातून पावणेचारशेच्या वर पायऱ्या उतरायच्या आणि नदीकाठाने, सावलीतून, दरीतल्याच बेलिसिर्मा गावापर्यंत जायचं. चर्च बघत गेलं तरी दोन-अडीच तासांत होतं. चित्रांची श्रीमंती याच टप्प्यात आहे: आआचाल्ती चर्चचा घुमट आणि पुलापलीकडचं यिलानली चर्च, जिथे पापी बायकांना साप डसताना रंगवले आहेत. बेलिसिर्माच्या पुढची वाट उघडी, उन्हाची. ती हौशी चालणाऱ्यांसाठी.

बेलिसिर्माजवळ चढणीवर किर्कदामाल्ती चर्च आहे. ते बहुतेक जण सोडून देतात, तुम्ही सोडू नका. भिंतीवर संत जॉर्जच्या एका बाजूला तामार नावाची दानकर्ती आहे, हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेतलेली. दुसऱ्या बाजूला बासिल नावाचा अधिकारी. तो ख्रिस्ती, पण डोक्याला फेटा आणि अंगात सेल्जुक पद्धतीचा कफ्तान, म्हणजे पायघोळ झगा. चित्रासोबत भिंतीवर लिहिलेल्या मजकुरात बायझंटाइन सम्राट आंद्रोनिकोस दुसरा आणि सेल्जुक सुलतान मसूद दुसरा या दोघांचीही नावं आहेत. 13व्या शतकाच्या अखेरीस इथली माणसं दोन राजवटींच्या मध्ये कशी जगत होती, ते या एका भिंतीवर दिसतं. चित्रांचे चेहरे बऱ्याच ठिकाणी खरवडलेले आहेत. उरलंय ते टिकावं म्हणून फ्लॅश बंद ठेवा.

गाडी स्वतःची असेल तर इथे एक घोळ हमखास होतो: चालत दुसऱ्या टोकाला पोचता आणि गाडी पहिल्या टोकाला. त्यामुळे गाडी आधीच बेलिसिर्माला लावा, टॅक्सीने इहलाराच्या प्रवेशद्वारापाशी जा आणि चालत गाडीकडे या. मिनीबस मोजक्याच असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना थेट बेलिसिर्माला न्या. तिथे रस्ता नदीपर्यंत उतरतो, जेवायची सोयही काठावरच आहे. सेलिमेच्या कड्यातलं चर्च मात्र त्यांना झेपणार नाही. खडक झिजून गुळगुळीत झालाय आणि पावसानंतर तर पाय सटकतोच.

सुलतानहानीचं गणित वेगळं. सुलतान अलाउद्दीन कैकुबादने 1229 मध्ये बांधलेली ही सराय आक्सारायहून कोन्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. संगमरवरी महाद्वार, मोकळं अंगण, मधोमध चार कमानींवर उचललेली छोटी मशीद, आणि मागे थंडीत माणसं-जनावरं राहतील असं भव्य बंदिस्त दालन. महाद्वारासमोर नक्षीसाठी दहा मिनिटं उभे राहा. तरी एकूण तासाभरात सगळं नीट बघून होतं. म्हणून कोन्याला निघाला असाल तर थांबायलाच हवं, पण फक्त एवढ्यासाठी ग्योरेमेहून जाऊन-येऊन करू नका. चालणं नगण्य असल्याने वयस्कर आई-वडिलांना मात्र हेच सोयीचं. आणि नकाशात नाव टाकताना जपून: कायसेरी शहराजवळही याच सुलतानाची, याच नावाची सराय आहे, नेमकी उलट्या दिशेला.

पुढचा मुक्काम अंकारा असेल तर इहलारा आणि सुलतानहानी दोन्ही सोडून तूझ ग्योलूला थांबा. नेहमीचा थांबा शेरेफ्लीकोचहिसारजवळ, महामार्गालगत, अंकारा प्रांताच्या हद्दीत आहे. वसंतात उथळ पाण्यात आभाळ उतरलेलं दिसतं, ऑगस्टमध्ये पांढरा कोरडा थर. अर्धा तास पुरतो. थराखाली काळा चिखल असतो, त्यामुळे काठापासून फार आत जाऊ नका. रबरी चपला घाला, गॉगल लावा, आणि गाडीत पाय धुवायला दोन लिटर पाणी ठेवा. मीठ सुकल्यावर कातडी ओढली जाते आणि पायाला बारीकशी जखम असेल तरी चांगलीच झोंबते.