नोकिया १०५ : मालक तीन, फोन एकच

मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल व्यवसाय ताब्यात घेतला, त्यावरचा वाद आजही ल्युमिया या विंडोज स्मार्टफोनपाशीच घुटमळतो. परंतु तो व्यवहार तपासायचा असेल, तर सोलापुरात यंत्रमाग कामगाराच्या खिशात किंवा विड्या वळणाऱ्या बाईच्या सुपाशेजारी आढळणारा नोकिया १०५ हातात घ्यावा. त्याची २०१३ ची आवृत्ती नोकियाची, २०१५ ची मायक्रोसॉफ्टची आणि २०१७ ची नोकियाचे नाव वापरणाऱ्या एचएमडी ग्लोबल या फिनलंडच्या कंपनीची.

पहिल्या आवृत्तीत १.४ इंची रंगीत पडदा, ८०० एमएएचची बॅटरी, टॉर्च आणि एफएम रेडिओ एवढेच होते, कॅमेरा नव्हता. बटणांवर एकसंध रबरी आवरण असल्यामुळे धूळ सहजी आत शिरत नाही, आणि जिथे दिवसभर सुताचे तंतू उडत असतात, तिथे हा गुण कॅमेऱ्याहून मोलाचा ठरतो. इयरफोन हाच अँटेना असल्याने तो जोडल्याखेरीज रेडिओ लागत नाही, अर्थात मागांच्या खडखडाटात सोलापूर आकाशवाणी कानाला काही लावल्याशिवाय ऐकू येणे एरवीही अवघडच.

सप्टेंबर २०१३ मध्ये ५.४४ अब्ज युरोंचा हा सौदा जाहीर झाला, तेव्हा नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप मूळचे मायक्रोसॉफ्टचेच असल्याने घर आतून फोडल्याचा आरोप झाला. सौद्यानंतर ते मायक्रोसॉफ्टमध्ये परतले आणि त्यांना नोकिया सोडताना मिळालेल्या घसघशीत भरपाईतील ७० टक्के वाटा मायक्रोसॉफ्टनेच उचलला, त्यामुळे संशयाला जागा राहिलीच. तरीही आयफोन आणि अँड्रॉइडपुढे सिम्बियन ही नोकियाच्या स्मार्टफोनची प्रणाली एलॉप येण्यापूर्वीच मागे पडली होती, हे नाकारता येत नाही. माझ्या मते नोकियाच्या भागधारकांना किंमत वाईट मिळाली नाही. मार बसला तो कामगारांना. चेन्नईजवळचा श्रीपेरुम्बुदूरचा कारखाना करविषयक वादामुळे सौद्यातून वगळला गेला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले आणि पुढच्या वर्षी साध्या फोनचा व्यवसाय एचएमडी आणि तिच्या भागीदार कंपनीला ३५ कोटी डॉलरना विकण्याचा करार केला.

या साऱ्या उलथापालथीत १०५ फारसा बदलला नाही. याला काहीजण टिकाऊपणा म्हणतात. मला त्यात मालकांची अनास्था अधिक दिसते. जिओने २०१६ मध्ये केवळ फोरजीवर चालणारी सेवा सुरू केल्यानंतरही एचएमडीने २०१७ चा १०५ टूजीवरच ठेवला. पडदा १.८ इंचांचा झाला, एक सिमच्या फोनची किंमत ९९९ रुपये राहिली, पण जिओचे सिम त्यात निरुपयोगीच होते.

म्हणून केवळ बोलण्यासाठी फोन हवा असेल आणि सिम टूजीवर चालणारे असेल, तर जुना १०५ चांगल्या स्थितीत मिळाल्यास जरूर घ्यावा. जिओचे सिम असणाऱ्यांनी मात्र दुकानात नोकिया ११० फोरजी मागावा.