टाइम झोनचा डेटा आणि आमची सातची आरती: नऊ महिने वापरल्यानंतर

मालवणपासून जरा आत असलेल्या आमच्या वाडीत चाकरमानी म्हणजे आता फक्त मुंबईचे राहिले नाहीत. कोणी मस्कतला, कोणी दुबईला, दोन घरं लंडनला, एक न्यू जर्सीला, आणि चुलतभाऊ जहाजावर. गणपतीची आरती, भजन, जत्रेतलं नाटक या सगळ्यांना लांबून बघता यावं म्हणून जुलै 2024 मध्ये मी एक छोटं वेब अ‍ॅप लिहिलं. कार्यक्रमाची वेळ टाकायची, प्रत्येकाला त्याच्या घड्याळाप्रमाणे आठवण जाते आणि लिंक उघडते. मागे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, माहिती साठवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस. मला वाटलं होतं कठीण भाग व्हिडिओचा असेल. व्हिडिओ पहिल्या आठवड्यात मार्गी लागला, वेळेने मात्र नऊ महिने खाल्ले.

पहिला दणका 7 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशीच. आरती संध्याकाळी सातची. सहा वाजून सदतीस मिनिटांनी मस्कतचे काका स्क्रीनवर हजर, मागोमाग लंडन. इथे आरतीचं ताटही मांडलेलं नव्हतं. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटवीचं एक कवंडाळ (रानफळ) निसटलं होतं, ते परत बांधायला बाबा बनियनवर स्टुलावर चढलेले, आणि साडेचार हजार मैलांवरून लंडनच्या काकी विचारतायत, "सुरू झाली काय रे?" बाबांनी तेव्हा माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

बरोबर 23 मिनिटं. तासाभराची चूक असती तर उन्हाळी वेळेचा (काही देश उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे नेतात त्याचा) घोळ म्हणून लगेच ओळखली असती. अर्ध्या तासाची असती तर आपला साडेपाच तासांचा फरक कुठेतरी पाचवर तुटला म्हणालो असतो. पण 23? रात्री जेवणं झाल्यावर बसून शोधलं, तेव्हा समजलं. मी टाइम झोनसाठी पायटीझेड ही पायथनची जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरत होतो, आणि वेळेला झोन चिकटवायला तिने सांगितलेलं 'लोकलाइझ' न वापरता सरळ 'रिप्लेस' वापरलं होतं. तसं केलं की ती त्या झोनच्या यादीतली पहिली नोंद उचलते. भारताच्या झोनचं नाव एशिया/कोलकाता, आणि त्याची पहिली नोंद म्हणजे कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ, सूर्यावर बेतलेली, 1854 च्या आधीची: ग्रिनिचच्या 5 तास 53 मिनिटं पुढे. भारतीय प्रमाणवेळ 5 तास 30 मिनिटं. वजाबाकी करा. म्हणजे आमच्या गणपतीची आरती कंपनी सरकारच्या काळातल्या कलकत्त्याच्या घड्याळावर चालली होती.

आधी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं, पण फक्त 'आत्ता किती वाजले' हे. ते पायटीझेड अगदी बरोबर सांगते. चूक होती ती मी स्वतः टाकलेल्या, पुढच्या वेळांमध्ये. लायब्ररीच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मीच वाचलं नव्हतं.

त्या आठवड्यात सगळं झोनइन्फो या नव्या लायब्ररीवर हलवलं. पायथन 3.9 पासून ते भाषेबरोबरच येतं आणि 'रिप्लेस' त्यात सरळपणे चालतं. या एका कारणासाठी मी ते कोणालाही सुचवेन. एक खोच आहे. झोनइन्फो स्वतः काही जाणत नाही, डेटा ते मशीनवरून उचलतं. माझ्या विंडोज लॅपटॉपवर तो डेटा नसल्यामुळे पहिल्याच ओळीला 'असा झोन सापडला नाही' म्हणून अडलं. टीझेडडेटा नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. सर्व्हरवर हे सगळं अल्पाइन या आटोपशीर लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालतं, तिथेही हीच गत.

हा डेटा म्हणजे आयानाचा, इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेचा, टाइम झोन डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला, सध्या पॉल एगर्ट सांभाळतात. फोनपासून सर्व्हरपर्यंत बहुतेक सगळे याच्यावर जगतात, आणि तो आहे साध्या मजकुराच्या फायलींचा गठ्ठा. फुरसतीत त्यातली आशियाची फाइल उघडून बघा, मजा येते. 1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली ते त्यात आहे, दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढे, साडेसहा तासांवर नेली तेही आहे. मुंबईची स्वतःची वेळ, म्हणजे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागची, जी शहराने 1955 पर्यंत धरून ठेवली, तिला मात्र वेगळा झोन नाही. 1970 नंतर ज्या भागांची घड्याळं सारखी आहेत ते सगळे एकाच नावाखाली, हा त्यांचा नियम. आमच्या अ‍ॅपला याने फरक पडत नाही. पण सूर्याच्या हिशोबाने आम्ही कोकणवाले प्रमाणवेळेच्या साधारण 36-37 मिनिटं मागेच आहोत, हे आजीच्या 'अजून उजाडूक नाय' या तक्रारीला धरूनच आहे.

नावावरून आठवलं. आत्येचा फोन आला, अ‍ॅप तिला सांगतंय की तुम्ही वेगळ्या टाइम झोनमध्ये आहात. "मी मालवणातच आसंय मरे, माका कलकत्त्याक कशाक धाडलंस?" झालं असं की काही ब्राउझर अजून एशिया/कलकत्ता हे जुनं नाव देतात, आणि मी दोन नावं अक्षराला अक्षर जुळवून बघत होतो. डेटाबेसमध्ये जुनं नाव नव्याला जोडलेलं असतं, फक्त तुलना करताना ते लक्षात ठेवायला हवं. तसंच भारतीय प्रमाणवेळेसाठी 'आयएसटी' हे लघुनाम कुठेही लिहू नका. ते इस्रायलचंही आहे आणि आयर्लंडचंही. आमच्या पोस्टग्रेसने मूळ सेटिंगमध्ये ते इस्रायलचं धरलं.

दुसरा दणका जास्त शिकवणारा. लंडनची मंडळी दर रविवारी त्यांच्या दुपारी दोनला भजन लावतात, आम्हाला इथे संध्याकाळी साडेसहा. मी ऐकीव शहाणपणाने सगळ्या वेळा यूटीसीत (कधीच न हलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवल्या होत्या, म्हणजे दुपारी एक. 27 ऑक्टोबरला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ब्रिटनची घड्याळं तासभर मागे गेली आणि अ‍ॅप त्यांना दोनऐवजी एकला बोलवू लागलं. तबला घेऊन कोण येणार एकला, सगळे जेवत होते. यूटीसी चुकलं नव्हतं. लोकांनी ठरवलेली वेळ होती 'लंडनचे दोन', आणि ती मी फेकून दिली होती. पोस्टग्रेसचा 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' हा प्रकार नावाने फसवतो. तो झोन ठेवतच नाही, यूटीसीत बदलून विसरून जातो. आता घडून गेलेल्या गोष्टी यूटीसीत, आणि पुढच्या कार्यक्रमांसाठी स्थानिक तारीख-वेळ आणि शेजारी झोनचं पूर्ण नाव, युरोप/लंडन. भारताची घड्याळं हलत नाहीत आणि आखातातल्या आमच्या लोकांचीही नाहीत. माझी सगळी चाचणी मस्कतच्या काकांवर झाल्यामुळे ही चूक चार महिने झाकून राहिली.

पुढच्याच आठवड्यात लक्ष्मीपूजन आलं. लंडन बदललेलं, न्यू जर्सी नाही, कारण अमेरिकेचा बदल 3 नोव्हेंबरला. या वेळी सगळे वेळेवर आले. '24 तास आधी आठवण' हा भाग अजून थोडा लंगडा होता. झोनइन्फोत एकाच झोनच्या दोन वेळांची वजाबाकी घड्याळावरचे आकडे बघून होते, मधला जादा तास मोजला जात नाही. खरा अवधी हवा असेल तर दोन्ही आधी यूटीसीत न्यायचे.

जहाजावरच्या भावाचं मी सोडवू शकलो नाही. बोट पुढे जाते तशी तिथे घड्याळं एकेक तासाने सरकवतात, त्याला कुठल्या शहराचं नाव देणार? त्याने यादीतून ईटीसी/जीएमटी अधिक नऊ निवडलं, नऊ तास पुढे समजून. त्या नावांत चिन्ह उलटं असतं, अधिक म्हणजे ग्रिनिचच्या मागे. बिचारा 18 तास चुकला. आता ती नावं यादीतून काढून टाकली आहेत आणि त्याला फक्त भारतीय वेळ आणि यूटीसी दिसते. त्याला तेवढं पुरतं.

डेटा ताजा ठेवणं हे कायमचं काम. या नऊ महिन्यांत 2024बी, 2025ए, 2025बी अशा आवृत्त्या आल्या. पॅराग्वेने घड्याळं हलवणं बंद केलं, चिलीच्या एका भागानेही. आमचं तिथे कोणी नाही, तरी मी दर महिन्याला पॅकेज अद्ययावत करतो. मार्च 2023 मध्ये लेबनॉन सरकारने उन्हाळी वेळ ऐनवेळी पुढे ढकलली आणि काही दिवसांत निर्णय फिरवला. डेटाबेसलाही पाठोपाठ दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या.

खरी परीक्षा 30 मार्च 2025 ला झाली. गुढीपाडवा, आणि त्याच दिवशी आपल्या सकाळी साडेसहाला लंडनची घड्याळं पुढे गेली. संध्याकाळी सातचा कार्यक्रम लंडनला अडीच, न्यू जर्सीला सकाळी साडेनऊ. मी सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, उघडून बसलो होतो. सगळे आले, काकी नेहमीप्रमाणे म्यूट काढायला विसरल्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच लायब्ररीत मिळाली नाही. जत्रेचं दशावतारी नाटक मध्यरात्रीनंतर उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. गावात त्याला शनिवारची जत्राच म्हणतात, कॅलेंडर म्हणतं रविवार साडेबारा. पहिल्या जत्रेला दोन घरं शनिवार साडेबारा समजून चोवीस तास आधी जागत बसली. आता तारखेच्या खाली मी हाताने एक ओळ छापतो: 'शनिवार रात्र, उजाडता रविवार.' त्यानंतर कोणाचा फोन आलेला नाही.