ईजे-अॅटलास: खाणविरोधी लढ्यांच्या जागतिक नोंदींचे परीक्षण

आपल्या डोंगरावर किंवा शेतीवर खाण येणार असल्याची बातमी ज्या समाजाला कळते, त्याला सर्वांत आधी हे हवे असते की असे याआधी कुठे घडले, तिथल्या लोकांनी काय केले आणि त्याचा शेवट काय झाला. या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी देण्याचा गंभीर प्रयत्न ‘एन्व्हायर्नमेंटल जस्टिस अॅटलास’, म्हणजेच ईजे-अॅटलास, या विनामूल्य ऑनलाइन सेवेने केला आहे. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातील पर्यावरणविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतून ती चालते. अर्थतज्ज्ञ जोआन मार्टिनेझ-आलिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला हा नकाशा 2014 मध्ये सर्वांसाठी खुला झाला, आणि आज त्यात जगभरातील 4,000 हून अधिक पर्यावरणीय संघर्षांची नोंद आहे. त्यांतील खनिज उत्खननाचा विभाग माझ्या मते सर्वांत मोलाचा असल्याने हे परीक्षण त्याच विभागापुरते ठेवले आहे.

नकाशावरील प्रत्येक रंगीत ठिपका म्हणजे एक संघर्ष. ठिपका उघडला की खनिज कोणते, कंपनी कोणती, पैसा कोणाचा, विरोधात कोणते समाजगट उभे राहिले, त्यांनी मोर्चा, न्यायालय, रस्ता रोखणे यांपैकी कोणते मार्ग वापरले, पाणी, आरोग्य व उपजीविका यांवर कोणते परिणाम झाले आणि कोणते होण्याची भीती आहे, ही सर्व माहिती ठरावीक रकान्यांत मिळते. देश, खनिज किंवा कंपनीनुसार शोध घेता येतो. एखादी कंपनी एका देशात जबाबदार उद्योग म्हणून स्वतःची ओळख करून देत असेल, तर तिच्या नावापुढे इतर देशांतील किती ठिपके उभे राहतात हे पाहण्याची सोय गावकऱ्यांच्या हातात येणे, ही लहान गोष्ट नाही.

ओडिशातील नियमगिरीची नोंद उघडून पाहावी. लांजीगढच्या अॅल्युमिना कारखान्यासाठी या डोंगरातील बॉक्साइट काढण्याची योजना होती, आणि डोंगरिया कोंध या आदिवासी समाजासाठी तोच डोंगर नियमराजा या दैवताचे स्थान आहे. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वनहक्क कायद्यानुसार येथील धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे गेला पाहिजे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात 12 गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. यानंतर पेरूमधील तांबोग्रांदेची नोंद वाचावी. लिंबू आणि आंबा पिकवणाऱ्या या भागात कॅनडाच्या एका कंपनीला खाण हवी होती, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने जून 2002 मध्ये स्वतःच मतदान घेतले, आणि 90 टक्क्यांहून अधिक मते खाणीच्या विरोधात पडली. दक्षिण आफ्रिकेतील झोलोबेनीच्या किनाऱ्यावरील वाळूत टायटॅनियमयुक्त खनिजे आहेत. तिथल्या अमादिबा समाजाने 2018 मध्ये न्यायालयाकडून असा निर्णय मिळवला की केवळ चर्चा केल्याने भागणार नाही, खाणीचा परवाना देण्यापूर्वी समाजाची पूर्ण संमती घेतली पाहिजे.

ही तीन प्रकरणे शेजारी ठेवली की जे दिसते, ते कोणत्याही एका प्रकरणात दिसत नाही. देश वेगळे, कायदे वेगळे, पिके आणि दैवते वेगळी; तरी तिन्ही ठिकाणी लोकांनी भरपाईचा आकडा वाढवून मागण्याऐवजी निर्णय कोणी घ्यायचा हाच प्रश्न लावून धरला, आणि त्यासाठी ग्रामसभा, मतपेटी किंवा न्यायालय यांपैकी जे साधन हाताशी होते ते वापरले. असा पडताळा घेण्याची सोय हे या सेवेचे खरे बळ आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘आदिवासी विकासाच्या विरोधात आहेत’ हा सर्वत्र ऐकू येणारा आरोप या नोंदी जितक्या शांतपणे खोडून काढतात, तितक्या शांतपणे तो भाषणांत खोडता येत नाही.

प्रत्येक नोंदीच्या शेवटी विचारलेला एक प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो: हा पर्यावरणीय न्यायाचा विजय मानावा का? उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘निश्चित सांगता येत नाही’ असे असू शकते. खाण थांबली, पण दरम्यान माणसे मारली गेली, खटल्यांत वर्षे गेली, गावात फूट पडली, तर त्याला विजय म्हणावे की नाही, हे ठरवण्यासाठी नोंद करणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

दोष मात्र आहेत, आणि त्यांतला पहिला गंभीर आहे. ‘प्रकल्प थांबला’ हा शेरा त्या दिवसापुरता खरा असतो. एल साल्वादोरने 2017 मध्ये धातूंच्या खाणकामावर संपूर्ण बंदी घातली, तेव्हा जगभरातील खाणविरोधी गटांनी ती आदर्श मानली. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्याच संसदेने ती बंदी उठवली. अशा वळणांबरोबर हजारो नोंदी अद्ययावत ठेवणे कोणत्याही विद्यापीठीय गटाला कठीण आहे. म्हणून नोंद वाचण्यापूर्वी तिच्यातील शेवटच्या बदलाची तारीख पाहावी, आणि जुन्या नोंदीच्या आधारावर कोणत्याही सुनावणीत दावा करू नये. माझ्या मते स्थितीतील प्रत्येक बदलाचा तारीखवार इतिहास नोंदीतच ठळकपणे दिसायला हवा.

दुसरी उणीव नकाशाच्या स्वरूपातच आहे. ठिपके दाट असलेला देश अधिक अन्यायी आणि विरळ असलेला देश सुखी, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. भारताच्या शेकडो नोंदी आहेत, कारण येथे संघर्ष आहेत तसेच ते लिहून ठेवणारे अभ्यासक आणि कार्यकर्तेही आहेत. जिथे बोलणे धोक्याचे आहे, तिथला नकाशा कोरा राहतो. शिवाय एक ठिपका खोऱ्याभर पसरलेल्या नुकसानीची जागा घेऊ शकत नाही, कारण खाणीतला विषारी गाळ अडवणारा बंधारा फुटला तर नदीतून विष खाणीपासून फार दूरच्या गावांपर्यंत पोहोचते.

भाषेचा अडथळाही मोठा आहे. बहुतांश मजकूर इंग्रजीत, काही स्पॅनिशसारख्या मोजक्या भाषांत आहे. ज्यांचे अनुभव येथे साठवले आहेत, त्यांतील पुष्कळ लोकांना स्वतःची नोंद वाचता येत नाही. तिच्यात चूक असेल तर ती दाखवण्यासाठीही त्यांना मध्यस्थ लागतो.

सेवेत नाव नोंदवून कोणालाही नवे प्रकरण पाठवता येते आणि संपादकांच्या तपासणीनंतर ते प्रसिद्ध होते. खाणग्रस्त भागांत काम करणाऱ्या शिक्षकांनी, वकिलांनी आणि विद्यार्थ्यांनी ही सोय जरूर वापरावी. मात्र आधी मजकूर लोकांच्या भाषेत बैठकीत वाचून दाखवावा, त्यांच्या दुरुस्त्या घ्याव्यात, आणि ज्यांच्यावर खटले किंवा दबाव येऊ शकतो अशा व्यक्तींची नावे त्यांच्या स्पष्ट होकाराशिवाय लिहू नयेत.