मोनास्टेरियम डॉट नेट: मठांचं दप्तर फुकट, पण पाठ दिसत नाही

मध्य युरोपातल्या मठांचं दप्तर घरबसल्या उघडायचं तर मोनास्टेरियम डॉट नेट या संकेतस्थळाला तोड नाही. 6 लाखांहून अधिक सनदा, दानपत्रं, करार. लोअर ऑस्ट्रियातल्या झ्वेटल, गोटवाइग, क्लोस्टरनॉयबुर्ग या मठांचं काम विशेष भरीव आहे.

मेख आहे ती शोधपेटीत. ती दस्तऐवजाच्या फोटोतली अक्षरं वाचत नाही, सोबत टाइप केलेला मजकूरच शोधते, आणि तो बहुधा आधुनिक जर्मन सारांश असतो. गिरणीच्या हक्काचे कागद हवेत तर ‘म्यूले’ टाका. लॅटिन ‘मोलेंडिनुम’ने फक्त मूळ मजकूर पूर्ण टाइप करून चढवलेले दस्तऐवज सापडतात. शिवाय बरेच सारांश जुन्या छापील संग्रहांतून उचललेले. त्यांत साक्षीदारांची यादी सर्रास गाळलेली, आणि गावची साधी माणसं तर नेमकी तिथेच भेटतात!

म्हणून फोटो मोठा करून बघाच. चर्मपत्राची खालची कडा दुमडलेली असते. त्या दुमडीवर शिक्के लटकवण्याच्या चिरा मोजा. मजकुरात तिघांचे शिक्के आणि चिरा दोनच, तर त्या सनदेवर जपूनच विश्वास ठेवायचा. मठाच्या संस्थापकाच्या नावाची सनद असेल तर अक्षराचं वळण त्याच काळाचं आहे का तेही पाहा. 12 व्या शतकात मठांनी मागची तारीख घालून सनदा बनवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

तारखेत हमखास फसगत होते. जर्मन प्रदेशात वर्ष बहुधा 25 डिसेंबरला बदलायचं. ‘निष्पाप बालकांचा सण, 1300’ म्हणजे 28 डिसेंबर, पण आपल्या हिशेबाने 1299. मराठी दप्तरातला शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून त्याचं इसवी करताना मृगाआधी की मृगानंतर हे बघतो, तसलाच प्रकार.

नकलवह्यांवर, म्हणजे मठाने सनदांच्या नकला उतरवून ठेवलेल्या वह्यांवर, एकट्या विसंबू नका. झ्वेटलची 14 व्या शतकातली ‘बेरेनहाउट’ प्रसिद्ध आहे (नाव अस्वलाच्या कातड्याचं, बांधणी डुकराच्या!), पण अशा वहीत मठाला जपायचं होतं तेच उतरतं. मूळ सनद मिळाली तर ओळ न् ओळ ताडून पाहा.

संदर्भ देताना नुसती लिंक नको. अभिलेखागार, संग्रह, दस्तऐवज क्रमांक आणि तारीख लिहा.

पाचपैकी चार तारे. मठातल्या कारकुनाने कागद कुठल्या गावाचा, कुठल्या कप्प्यातला हे मागे लिहून ठेवलेलं असतं, आणि पाठीचा फोटो सगळ्या संग्रहांत नाही. एक तारा त्यासाठी कापला.