क्रोन्सच्या भगंदराला स्टेम सेल की इन्फ्लिक्सिमॅब, मी काय निवडलं

ओळखीतल्या एका मुलाचा मागच्या आठवड्यात फोन आला, क्रोन्स आहे (आतड्याला सतत सूज येणारा आजार), भगंदर झालंय, म्हणजे गुदद्वाराजवळ पू वाहणारी नळी, आणि घरचे स्टेम सेलसाठी एफडी मोडायला निघालेत, दादा तू काय केलं होतंस? फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहून काढतोय. डोंबिवली ते भायखळा, बसायला जागा मिळाली तरी उभ्यानंच का जावं लागतं हे ज्याला झालंय त्याला समजावायला नको, त्यामुळे मूळ आजारावर वेळ घालवत नाही.

आधी एक घोळ काढून टाकू. स्टेम सेल म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतात. एक म्हणजे केमो देऊन सगळी इम्युनिटी खाली आणायची आणि आपल्याच पेशी परत चढवायच्या. युरोपातल्या ॲस्टिक ट्रायलचा निकाल २०१५ ला आला, ४५ पेशंट होते, त्यातला एक दगावला आणि ठरवलेलं उद्दिष्टही गाठलं गेलं नाही. ते मी तिथेच सोडलं.

दुसरी म्हणजे चरबीतून काढलेल्या पेशी नळीच्या आजूबाजूला टोचायच्या. मी २०२२ मध्ये शोधत होतो तेव्हा अलोफिसेलचं नाव सगळीकडे होतं, दुसऱ्या निरोगी माणसाच्या पेशी, १२ कोटी पेशींचा डोस, युरोपात २०१८ पासून मंजूर. २१२ पेशंटच्या ट्रायलमध्ये २४ आठवड्यांनी ५० टक्के लोकांची नळी बंद, हे वाचून मी खरंच रात्रभर झोपलो नव्हतो. नंतर कळलं की ज्यांना पेशी दिल्याच नव्हत्या त्यांच्यातही ३४ टक्के बरे झाले होते, कारण दोन्ही गटांत सर्जननं आधी नळी साफ करून दोरा, म्हणजे सेटॉन, घातलेला होता. म्हणजे बरंचसं काम नीट केलेल्या साफसफाईचंही असावं, असं आपलं माझं मत.

पण माझा निर्णय आकड्यांवर झालाच नाही. मुंबईतल्या एका क्लिनिकमध्ये चौकशी केली होती, बोलणारी माणसं अतिशय गोड, पण मी एकच गोष्ट मागत होतो, सीटीआरआय नंबर, म्हणजे आपल्याकडे प्रत्येक ट्रायलची जी सरकारी नोंद असते ती, कोणीही फुकट बघू शकतं. आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच देता येतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पहिल्या फोनला म्हणाले तुमच्याच पोटाची चरबी घेणार, दुसऱ्या फोनला म्हणाले पेशी लॅबमधून तयार येतात, तिसऱ्यांदा सांगितलं की नंबर व्हॉट्सॲप करतो, आणि आला तो ॲडव्हान्स भरायचा अकाउंट नंबर. कोणाच्या पेशी हेच जर दोन फोनला दोन तऱ्हेनं सांगत असतील तर उद्या तिथे पू झाला तर मी कोणाला विचारू? मी नाही म्हणून टाकलं.

मग सेटॉन आणि इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे सूज आवरणारं, सलाईनमधून द्यायचं बायोलॉजिक औषध. यातही सुख नाही हे आधीच सांगतो. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की मला आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या होत्या, तरी हे सुरू करायच्या आधी टीबीच्या टेस्ट परत. मग पहिला डोस, दोन आठवड्यांनी दुसरा, सहाव्या आठवड्याला तिसरा, पुढे दर आठ आठवड्यांनी, दर वेळी सुट्टी आणि दोन तास सलाईन. आपल्याकडे बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधाच्या दुसऱ्या कंपन्यांनी काढलेल्या आवृत्त्या, मिळतात तरी खर्च लागतोच, मेडिक्लेमवाल्यांना डे-केअरचं आधीच विचारून ठेवा. शिवाय सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. २००४ साली छापून आलेल्या ट्रायलमध्ये, सुरुवातीच्या डोसांचा गुण आलेल्यांपैकीसुद्धा औषध पुढे चालू ठेवलेल्यांत ५४ आठवड्यांनी सगळ्या नळ्या कोरड्या राहिल्या त्या ३६ टक्के लोकांच्या, आणि त्या सुरुवातीच्या डोसांनंतर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं सलाईन, मिळालेल्यांत १९.

माझ्यापुरतं सांगायचं तर ऑफिसच्या बॅगेत दिवसाचे चार पॅड लागायचे, तिसऱ्या डोसनंतर एकावर आलं, सात महिन्यांनी दोरा काढला. एमआरआयमध्ये एक बारीक नळी अजून दिसते, आणि डोस जवळ आला की शेवटचा आठवडा थोडा जड जातो. पण प्रत्येक वेळी सिस्टर औषधाच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर माझ्या फाइलला चिकटवतात, आणि त्या एका स्टिकरनं मला किती बरं वाटतं ते सांगता येणार नाही.

पुढे २०२३ मध्ये अलोफिसेलची दुसरी मोठी ट्रायल अपयशी ठरली आणि २०२४ च्या शेवटी ते युरोपातल्या बाजारातूनही काढून घेतलं, तेव्हा वाईटच वाटलं, कारण ज्यांच्यावर इन्फ्लिक्सिमॅब चालत नाही, दुसरी बायोलॉजिकही करून झालीत, त्यांच्यासाठी ती आशा होती. तुम्ही त्यांच्यातले असाल तर माझा अनुभव तुम्हाला कदाचित लागू नाही, तुमच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना नोंद असलेल्या ट्रायलबद्दल जरूर विचारा. फक्त तिथे पेशींचे पैसे मागितले तर फाइल उचला आणि घरी या.